फुग्याच्या बंदुकीची हवा कुठे जाते?

डिसेंबर लागला की माझ्या दुकानात सायकली कमी आणि बंदुका जास्त दिसतात. दचकू नका, फुगे फोडायच्या बंदुका. २० डिसेंबरला बहिरमची यात्रा सुरू होते. परतवाड्याहून बैतूलकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी महिनाभर पालं पडतात, हंड्या शिजतात, पाळणे फिरतात, आणि पाळण्याच्या शेजारी हटकून एक पडदा असतो, त्यावर रंगीत फुगे आणि समोरच्या फळीवर दोन-तीन छऱ्याच्या बंदुका. एरवी माझं काम म्हणजे सायकलचे पंप, स्टोव्ह, फवारणीचे पंप. पण ज्याला पंप कळतो त्याला छऱ्याची बंदूक कळायला फार वेळ लागत नाही, म्हणून आजूबाजूच्या फुगेवाल्यांनी मला धरून ठेवलं आहे.

मागच्या मोसमात आमच्याकडचे एक फुगेवाले काका पोत्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन आले. पोतं काउंटरवर टाकलं आणि म्हणाले, “भाऊ, हे बंदूक मले येडं करून रायली. नवी स्प्रिंग टाकली, नवा वायसर टाकला, तेल टाकलं, तरी छर्रा भलतीकडेच जाऊन रायला. अन् कधी चढते, कधी चढतच नाई.”

“पहिले काय होत होतं?”

“आवाज बारीक झाला होता.”

एवढ्यावरून त्यांनी जोर कमी झाल्याचं ठरवलं, पुतण्याकडून मोबाइलवर ‘भारी’ स्प्रिंग आणि प्लास्टिकसारखा निळा वायसर मागवला, घरीच बसवला, वरून खोबरेल तेल सोडलं. एक आजार घेऊन निघालेली बंदूक माझ्याकडे चार आजार घेऊन पोचली. या लेखात त्या चार आजारांची उकल आहे, कारण बाहेरून मागवलेले पार्ट टाकून बिघडलेल्या बहुतेक छऱ्याच्या बंदुकांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच असते.

आधी आत काय घडतं ते बघू. या बंदुकीत दारू नाही, गॅस नाही, आधीपासून भरून ठेवलेली हवाही नाही. दस्त्याच्या पुढे एक जाड सिलिंडर, त्यात पिस्टन, पिस्टनच्या मागे लांब स्प्रिंग. नळी सिलिंडरच्या सांध्यावर मोडली, म्हणजे खाली दुमडली, की एक दांडा पिस्टनला मागे ढकलतो, स्प्रिंग दबते, आणि खटका पिस्टनला मागे अडकवून धरतो. याला आम्ही बंदूक चढवणं म्हणतो. छर्रा नळीच्या मागच्या तोंडात अंगठ्याने बसवायचा, नळी सरळ करायची, घोडा दाबायचा. खटका सुटतो, स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, सिलिंडरमधली हवा चेपली जाते आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या भोकातून छऱ्याच्या बुडाशी जाऊन आदळते. सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास आटोपतो.

म्हणजे छऱ्याला स्प्रिंग हातही लावत नाही. स्प्रिंग हवेला ढकलते, हवा छऱ्याला ढकलते. हापशीसारखंच आहे हे. हापशीचा दांडा कितीही जोरात मारा, आतला चामडी वायसर झिजला असेल तर पाणी येत नाही. तेव्हा आपण गावातला सगळ्यात धट्टाकट्टा माणूस शोधून आणत नाही, वायसर बदलतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र भलेभले आधी पैलवान बोलावतात. ‘भारी’ स्प्रिंग म्हणजे तो पैलवान.

आता एक बारीक गंमत, जी कळली की निम्मे बिघाड आपोआप कळतात. पिस्टन पुढे येतो तेव्हा त्याच्या आणि सिलिंडरच्या पुढच्या भिंतीच्या मध्ये हवेची एक गादी तयार होते. छर्रा नळीत घट्ट बसलेला असतो, तो लगेच हलत नाही, त्यामुळे दाब चढतो आणि तीच गादी पिस्टनला शेवटच्या क्षणी सावरते. छर्राच नसेल तर हवा सरळ निघून जाते, गादी राहत नाही, आणि लोखंडी पिस्टन धाडकन भिंतीवर आदळतो. रिकामी बंदूक चालवू नका असं म्हणतात ते यासाठी. जत्रेत हे रोज होतं. पोट्टे छर्रा न टाकताच घोडा ओढतात, फुगेवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे मोजत असतो. वायसर फाटणं, स्प्रिंगचं शेवटचं वेढं तुटणं, दस्त्याचे स्क्रू ढिले होणं, या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. हवा एकदम चेपली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं ते तुम्ही अनुभवलं असेल. बंदुकीत हेच काम इतक्या झटक्यात होतं की क्षणभर आतली हवा शेकडो अंशांपर्यंत जाते. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो, नुसत्या चेपलेल्या गरम हवेने डिझेल पेट घेतं. बंदुकीच्या सिलिंडरमध्ये खोबरेल तेल, इंजिन ऑइल, शिवणयंत्राचं तेल असलं काही गेलं की अगदी तसंच होतं. ‘फाट’ असा कडक आवाज, नळीतून निळसर धूर, जळका वास. आवाज मोठा झाला म्हणून काका खूश होते. खरं तर दर धडाक्याला त्यांचा नवा वायसर भाजून निघत होता, आणि एक छर्रा जोरात तर पुढचा मंद असा लहरी कारभार सुरू झाला होता. छर्रा भलतीकडे जाण्याचं एक कारण तिथेच सापडलं.

तरी मी बंदूक लगेच उघडली नाही. दुरुस्तीतली माझी एकच खोड आहे: बाहेरून जेवढं कळतं तेवढं कळेपर्यंत पाना हातात घेत नाही.

पहिला संशय छऱ्यावर. या बंदुकांची नळी ०.१७७ इंच, म्हणजे साधारण ४.५ मिलिमीटर. स्वस्त छऱ्यांच्या डबीतून दहा काढा आणि एकेक नळीच्या तोंडात ठेवून बघा. काही नुसते टाकले तरी आत सरकतात, काही अंगठा दुखेपर्यंत दाबावे लागतात, एखाद्याची कड चेपलेली असते. ढिला छर्रा हवा रोखत नाही, म्हणजे गादी नाही, म्हणजे पुन्हा रिकाम्या बंदुकीचंच नुकसान. काकांच्या डबीतले दहापैकी चार ढिले निघाले. पार्ट मागवायच्या आधी छर्रे बदलून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो कोणीच करत नाही, कारण त्यात काही केल्यासारखं वाटत नाही.

मग स्क्रू. दस्त्याचे दोन पुढचे, एक मागचा, आणि नळी ज्यावर मोडते तो मोठा बोल्ट. नळी मोडून अर्ध्यावर धरायची आणि डावीकडे-उजवीकडे हलवायची. खडखड जाणवली तर दर वेळी नळी सरळ करताना ती वेगळ्या जागी बसते, मग माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा छोटा खुंट) कितीही नीट जुळवा, छर्रा गेल्या खेपेच्या जागी जाणार नाही. काकांचा बोल्ट अर्धा फेरा ढिला होता. जत्रेत सगळीकडे एक बोलवा असते की फुगेवाले मुद्दाम माशी वाकवून ठेवतात. एखादा ठेवतही असेल, मी सगळ्यांची शपथ घेत नाही. पण माझ्या बाकावर आलेल्या बंदुकांत माशी वाकवलेली क्वचित, बोल्ट ढिला असलेल्या ढीगभर.

माशीपेक्षा नळीच वाकलेली असण्याची शक्यता जास्त. नळी मोडलेली असताना चुकून घोडा दाबला गेला तर स्प्रिंगच्या जोराने ती फटकन सरळ होते आणि वरच्या बाजूला किंचित वाकते. छर्रे कायम वर जायला लागतात. आणि त्या क्षणी छर्रा बसवणाऱ्याचं बोट तिथे असेल तर बोटाचं काय होतं ते सांगायला नको. छर्रा बसवताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, ही सवय लहान मुलांनाही लावावी लागते.

यानंतर माझी आवडती चाचणी, आणि ती आपल्या भागात फुकट होते. सरकीतून सुटलेल्या कापसाचा अगदी विरळ पुंजका घ्यायचा, नळी जिथे सिलिंडरला टेकते त्या सांध्यावर वरून अलगद ठेवायचा. छर्रा भरलेला हवा, समोर मातीचा ढीग किंवा जाड फळी हवी, मागे माणूस-जनावर नको. घोडा दाबायचा. कापूस जागच्या जागी राहिला तर सांधा ठीक. उडाला तर हवा नळीत जाण्याऐवजी सांध्यातून बाहेर निघते आहे. काकांच्या बंदुकीवरचा कापूस हातभर उडाला. सांध्यातला छोटा रबरी वायसर, शर्टाच्या बटणाएवढा, चपटा होऊन गुळगुळीत झाला होता. आवाज बारीक होण्याचं मूळ कारण हेच. पहिला आणि खरा आजार एवढाच होता, आणि काकांनी त्याला सोडून बाकी सगळं बदललं होतं!

आता मोजमाप. शहरातल्या नेमबाजी क्लबात छऱ्याचा वेग सांगणारं यंत्र असतं. आमच्याकडे मोबाइल आहे. दुकानामागच्या भिंतीला जाड लाकडी फळी टेकवली, तिच्यामागे मातीने भरलेलं पोतं, आणि नेमक्या १० मीटरवर खडूने रेघ मारली. मोबाइल बंदुकीजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करायचा. रेकॉर्डिंगमध्ये दोन टोकं दिसतात, एक बंदूक सुटल्याचं आणि दुसरं छर्रा फळीवर बसल्याचं. आवाजाची पट्टी ताणून दाखवणारी फुकट ॲप मिळतात, त्यात दोन टोकांमधला वेळ वाचता येतो. त्यातून एक वजाबाकी करावी लागते, कारण फळीवरचा आवाज मोबाइलपर्यंत परत यायलाही वेळ घेतो. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरला ०.०२९ सेकंद. (मे महिन्यात ४५ अंशांत करायचं असेल तर आवाज थोडा जास्त वेगाने धावतो, सेकंदाला ३५८ मीटरच्या आसपास, पण मे महिन्यात भर उन्हात हे करत बसणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.)

काकांच्या बंदुकीचा वेळ आला ०.११९ सेकंद. त्यातून ०.०२९ गेले, उरले ०.०९०. दहा मीटरला एवढा वेळ, म्हणजे सेकंदाला १११ मीटर. हा वाटेतला सरासरी वेग, तोंडाशी तो थोडा जास्त असणार, पण आपल्याला आधीची आणि नंतरची तुलना करायची आहे, तिला हे पुरतं. दर वेळी पाच छर्रे मारून मधला आकडा घ्यायचा.

ज्याला हे आकडे नको वाटतात त्याने कपडे धुवायच्या साबणाची वडी घ्यावी. ठरलेल्या अंतरावरून छर्रा मारायचा आणि तो किती खोल गेला ते काडीने मोजायचं. वडी प्रत्येक वेळी त्याच जातीची हवी. ती वडी पुन्हा कपड्यांना वापरू नका, आत शिसं असतं. छर्रे हाताळल्यावर हात धुवूनच भाकरीला हात लावायचा, हेही त्याच कारणाने. बहिरमला एका हाताने छर्रे भरत दुसऱ्या हाताने हंडीतलं मटण खाणारे मी पाहिले आहेत.

बंदूक उघडण्याची वेळ आली ती यानंतर. इथे मस्करी नाही. पिस्टनमागची स्प्रिंग बंदूक चढवलेली नसतानाही थोडी दबलेलीच असते. मागची पिन किंवा झाकण नुसतं पान्याने सोडलं तर ते लोखंड तोंडाच्या दिशेने सुटतं. सुताराकडे लांब शिकंजा असतो, त्यात बंदूक पुढून-मागून धरायची, पिन काढायची आणि शिकंजा सावकाश ढिला करत स्प्रिंगचा जोर उतरवायचा. शिकंजा नसेल तर उघडायची नाही, सरळ कुणाकडे तरी न्यायची. त्याआधी बंदूक चढवलेली नाही आणि नळीत छर्रा नाही, हे दोनदा बघायचं.

आतून जे निघालं त्यात स्प्रिंग सगळ्यात बोलकी होती.

जुनी स्प्रिंग काकांनी सुदैवाने फेकली नव्हती. तिची तार ३ मिलिमीटर जाड, वेढे ३३. पूर्ण दाबली की वेढ्याला वेढा टेकतो, तेव्हा लांबी ३३ गुणिले ३, म्हणजे ९९ मिलिमीटर. बंदूक चढवल्यावर आत स्प्रिंगसाठी उरणारी जागा मी मोजली, १०४ मिलिमीटर. पाच मिलिमीटरचा श्वास होता. नव्या स्प्रिंगची तार ३.२, वेढे ३४. गुणाकार करा: १०८.८. म्हणजे १०४ च्या जागेत १०८.८ चं लोखंड, ती बंदूक चढणंच शक्य नव्हतं. हा हिशेब मोजपट्टी आणि व्हर्नियरने पाच मिनिटांत होतो, पार्ट बसवायच्या आधी. काकांनी तो केला नाही. चढत नाही म्हटल्यावर ग्राइंडरने दोन वेढे उडवले. ३२ गुणिले ३.२, झाले १०२.४. आता जागा होती फक्त दीड मिलिमीटर. खटक्यात अडकायला पिस्टनला खटक्याच्या थोडं मागे जाऊन परत यायला जागा लागते. म्हणून कधी चढायची, कधी नाही. त्यांच्या तक्रारीतला तो ‘कधी-कधी’ असा त्या दीड मिलिमीटरात होता.

स्प्रिंग कापली की ती नरम पडते असा एक सार्वत्रिक समज आहे. उलट आहे. वेढे कमी झाले की उरलेल्या प्रत्येक वेढ्याला जास्त ताण सोसावा लागतो, म्हणून स्प्रिंग दर मिलिमीटरला आणखी कडक होते. आणि तारेच्या जाडीचं तर विचारूच नका. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ३ वरून ३.२, अंगठ्याला कळणारही नाही इतका फरक, पण ३.२ ला ३ ने भागून त्याचा चौथा घात काढला तर १.२९ येतो. जवळपास ३० टक्के कडकपणा नुसत्या जाडीने, त्यात वेढे कमी, म्हणजे सगळं मिळून जुन्या स्प्रिंगच्या एक-तृतीयांश जास्त. काकांच्या पालावर दहा-बारा वर्षांच्या पोरांना ती बंदूक मोडताच येत नव्हती ती यामुळे. शिवाय ग्राइंडरने कापलेलं टोक तापून त्याचं पाणी उतरलं होतं, आणि त्या वाकड्या टोकाने पिस्टनला आतून ओरखडे पाडले होते. आखूड करायचीच वेळ आली तर टोक सपाट आणि स्प्रिंगच्या लांबीशी काटकोनात घासलेलं लागतं. पण ती वेळच येऊ देऊ नये.

जास्त कडक स्प्रिंगने छर्रा तेवढ्याच प्रमाणात जोरात जातो का? नाही जात. सिलिंडरमध्ये हवा तेवढीच आहे. पिस्टन जास्त वेगाने आला की हवेच्या गादीवर आपटून, चेंडूसारखा मागे उसळतो, आणि छर्रा अजून नळीतच असताना त्याच्या मागचा दाब घसरतो. वाढलेला जोर धक्क्यात जातो, स्क्रू ढिले करण्यात जातो, नेम हलवण्यात जातो. या जातीच्या बंदुकीचा धक्काही दुहेरी असतो, पिस्टन सुटताना मागे आणि थांबताना पुढे. काकांचा मोठा बोल्ट कुणी ढिला केला हे आता वेगळं सांगायला नको.

निळा वायसर. मटेरियल चांगलं होतं, लोकल म्हणून नाक मुरडावं असं काही नव्हतं. पण त्या सिलिंडरसाठी तो किंचित जाड. स्प्रिंग काढून नुसता पिस्टन सिलिंडरमध्ये सरकवून बघायचा. अंगठ्याच्या हलक्या दाबाने एकसारखा सरकला पाहिजे, आणि पुढचं भोक बोटाने बंद करून ढकलला तर सायकल पंपासारखा मऊ उसळून आला पाहिजे. न उसळता बसत गेला तर वायसर ढिला, हवा गळते. ढकलायलाच दम लागला तर वायसर घट्ट, स्प्रिंगची ताकद भिंती घासण्यात जाते. काकांचा पिस्टन मला दोन्ही हातांनी रेटावा लागला. जाड वायसर बारीक कागदाने गोल फिरवत घासून बसवता येतो, पण त्याला हात बसलेला लागतो. मी त्यांचा जुना चामडी वायसरच बघितला, तो नुसता कोरडा पडला होता. विदर्भाच्या उन्हाळ्यात घरात ठेवलेलं चामडं असंच कडक होतं. त्याला दोन थेंब तेल चोळलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी जादाचं पुसून काढलं, तो पुन्हा फुलून आला. चामड्याला एवढं तेल लागतंच. रबरी किंवा प्लास्टिकच्या वायसरला मात्र सिलिकॉनचं तेल, तेही एखादा थेंब, आणि स्प्रिंगला जाड ग्रीसचा पातळ हात. घरातलं कुठलंही तेल नळीच्या तोंडातून आत सोडायचं नाही.

घोड्याला मी हात लावला नाही. लावावाही लागला नाही. ‘घोडा जरा हलका करून द्या’ म्हणणारे बरेच येतात, त्यांना परत पाठवतो. खटक्याच्या धारेवर वरवरचा कडक थर असतो, कानशीने तो गेला की खालचं नरम लोखंड झपाट्याने झिजतं, आणि एक दिवस बंदूक नुसती टेकवली तरी सुटते.

जोडताना सगळं एकदम जोडायचं नाही, हे काकांना दाखवायचं होतं, म्हणून त्यांना बसवूनच ठेवलं. आधी धुवून-पुसून तेल काढलं, छर्रे चांगले घेतले आणि फक्त सांध्यातला छोटा वायसर बदलला, बाकी त्यांचे पार्ट तसेच. रेकॉर्डिंग: ०.१०६ सेकंद, म्हणजे सेकंदाला १३० मीटर. चहाच्या किमतीच्या रबराने एवढं दिलं. मग निळा वायसर काढून जुना चामडी घातला: ०.०९३, म्हणजे १५६ मीटर. शेवटी भारी स्प्रिंग काढून जुनी घातली: ०.०९४, म्हणजे १५४. भारी स्प्रिंगची सगळी कमाई सेकंदाला दोन मीटर, आणि त्यासाठी काकांच्या गिऱ्हाइकांनी दर छऱ्याला पैलवानकी करायची.

ऊर्जेत सांगायचं तर छऱ्याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम धरा. वेगाचा वर्ग करून किलोग्रॅममधल्या वजनाने गुणायचं आणि निम्मं करायचं. १११ मीटरला सुमारे ३ ज्यूल, १५४ ला सुमारे ६. जुन्याच स्प्रिंगवर जोर जवळजवळ दुप्पट. फुगा फोडायला खरं तर तीन ज्यूलही भरपूर झाले, त्याला नेम लागतो. नेम आला तो बोल्ट कसल्यामुळे आणि प्रत्येक छर्रा सारख्या वेगाने जायला लागल्यामुळे.

माझा भाचा नागपुरात शिकतो. तो एअरसॉफ्ट नावाच्या खेळाबद्दल सांगत होता. त्यात ६ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या असतात, नेहमीची गोळी ०.२० ग्रॅमची, आणि बऱ्याच बंदुकांत स्प्रिंग हाताने चढवायच्या ऐवजी मोटर आणि दातेरी चक्रं चढवतात. पण पिस्टन, वायसर, सिलिंडर, स्प्रिंग तेच. तिथे बाहेरचे पार्ट टाकायची हौस आणखी जोरात, आणि बिघाडाचं वळणही ओळखीचं. कडक स्प्रिंग टाकली की पिस्टनचे प्लास्टिकचे दाते झडतात, मोटर तापते, बॅटरी दम तोडते. एका कंपनीचं नोझल आणि दुसऱ्या कंपनीचं चेंबर जोडलं की मध्ये केसाएवढी फट राहते, हवा तिथून जाते, आणि मालक पुन्हा स्प्रिंगच बदलतो. तिथे स्प्रिंगवर एम १०० असं लिहिलेलं असतं, म्हणजे ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला अंदाजे १०० मीटर. वर सांगितलेला गुणाकार केला तर बरोबर एक ज्यूल येतो. गोळीला नळीतच उलटी फिरकी देणारं एक रबर असतं, त्या फिरकीने ती हवेत तरंगत लांब जाते. गोळ्या अचानक वर उडायला किंवा लवकर खाली पडायला लागल्या की आधी ते रबर साफ करून बघायचं. भाच्याला मी एवढंच सांगितलं, कापूस पाठवू का?

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळी ०.१७७ इंचापर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला २० ज्यूल म्हणजे सेकंदाला २८० मीटरच्या वर, आपल्या जत्रेतल्या बंदुका त्याच्या जवळपासही नाहीत. पण जाड नळी आणि भारी स्प्रिंगची ‘किट’ विकणारे ही रेषा सांगत नाहीत. आणि मेळघाटच्या कुशीत राहून होला-तितरावर छर्रा चालवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, बंदुकीला परवाना लागो न लागो.

जोडून झाल्यावर पहिले वीस-पंचवीस छर्रे थोडा धूर येऊ शकतो, चामड्यातलं उरलेलं तेल जळतं, मग थांबतं. तसाच आला आणि थांबला. रात्री बंदूक चढवून ठेवायची नाही, स्प्रिंग कायमची बसते, हे काकांना पुन्हा एकदा सांगितलं. त्यांनी मागच्या भिंतीवरच्या फळीवर लागोपाठ पाच छर्रे मारले, पाचही वाटीएवढ्या जागेत. बंदूक पोत्यात गुंडाळली, भारी स्प्रिंग उचलून खिशात टाकली, दारात थांबले.

“कायची पायजे हे स्प्रिंग आता, काका?”

“असू दे. अन् भाऊ, बंदूक चांगली झाली, पन पोट्ट्याचा नेम चुकला का थे म्हनतीनच, काकानं माशी वाकवली.”